वाडा बसला, वाडा उठला

सकाळी नऊला त्या रानात काही नव्हतं. निदान रस्त्यानं जाणाऱ्याला काही दिसलं नसतं. ऊस तुटून गेलेलं, खोडवा मोडायचं ठरलेलं एकरभर रान. खालच्या अंगाला करंजांची ओळ आणि ओळीखाली पौषातली तारळी, जेमतेम पिंढरीइतक्या पाण्याची. पण बांधावरून खाली उतरून बघितलं की हळूहळू मजकूर दिसायला लागायचा. जमिनीवर लेंड्यांचे दोन मोठे गोल, एकमेकांना चिकटून. गोलांच्या कडेनं ठरावीक पावलांवर मेखांची भोकं. पाच जागी राख, तीन-तीन दगडांच्या मधोमध. वरच्या कोपऱ्यात खुरांनी तुडवलेली माती आणि लीद. दोन रात्री इथे माण तालुक्यातल्या धनगरांचा वाडा बसला होता. पाच बिऱ्हाडं, दोनशेच्या वर मेंढरं, सहा घोडी, तीन कुत्री आणि कुणी न मोजलेल्या कोंबड्या. एवढा सगळा संसार उठून गेला होता, आणि मागे जे राहिलं होतं ते बहुतेक सगळं मुद्दाम ठेवलेलं होतं.

मी त्यांच्या शेजारी राहिलो होतो, माझ्या दोन माणसांच्या तंबूत. नदीकाठी मुक्काम टाकायची हौस मला कॉलेजपासून आहे. कोयनेच्या, वारणेच्या काठांवर बऱ्याच रात्री काढल्यात, आणि चांगला मुक्काम कुठला नि वाईट कुठला हे आपल्याला कळतं अशी एक समजूतही होती. दोन रात्रींत ती पार उतरली. गाणं ऐकणारा माणूस आयुष्यभर आपण जाणकार आहोत असं मानत असतो, आणि एखाद्या दिवशी शेजारी बसलेला म्हातारा समेच्या अर्ध्या मात्रेआधीच मान हलवतो; तसं काहीसं झालं. तेव्हापासून मुक्काम बघायचा म्हणजे नेमकं काय बघायचं, हे थोडं समजायला लागलंय. ते सांगण्यासाठी हा खटाटोप.

आधी जागा. उंब्रज बहुतेकांना ठाऊक असतं ते महामार्गावरचं गाव म्हणून. साताऱ्याहून कराडला जाताना लागतं. चहा घ्यायचा, पाटणकडे फुटणारा फाटा बघायचा, उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकायचं आणि पुढे जायचं. गावाला लागून कृष्णा वाहते आणि पश्चिमेच्या डोंगरांतून आलेली तारळी तिला इथे मिळते, हे गाडीच्या काचेतून कळत नाही. तारळी काही मोठी नदी नव्हे. पाटण तालुक्यातल्या डोंगरांत जन्म, वरच्या अंगाला आता धरण, मग तारळे, पुढे पाल, आणि उंब्रजपाशी शेवट. जंगलात सुरू होऊन उसात संपणारी नदी. वरच्या बाजूला रान दोन्हीकडून पाण्यापर्यंत उतरतं. खाली येईल तसं ते मागे सरत जातं आणि शेवटी काठावरच्या करंज-उंबरांच्या एका ओळीपुरतं उरतं. ही ओळ म्हणजे जंगलाची शेपटी. तिच्या सावलीत बसलं की डोंगर लांब आहे हे मन कबूल करत नाही. उंब्रज या नावातही कुठेतरी उंबर आहे असं मला उगीचच वाटत आलंय.

पाल म्हणजे खंडोबाचं पाल. पौषात मृग नक्षत्रावर, गोरज मुहूर्ताला, इथे खंडोबा आणि म्हाळसेचं लग्न लागतं. भंडारा आणि खोबरं उधळून नदीचं पात्र पिवळं होतं, आणि माणसं काठांवर, वाळवंटात, जागा मिळेल तिथे उतरतात. गावाचं जुनं नाव राजापूर, आणि पालाई नावाच्या गवळणीच्या भक्तीवरून ते पाल झालं असं सांगतात. कापडाच्या तात्पुरत्या झोपडीलाही आपण पालच म्हणतो. दोन शब्दांचं एकमेकांशी काही नातं नसेलही, पण यात्रेच्या दिवसांत वाळवंटात उभी राहिलेली पालं बघताना भाषेनं थट्टा केल्यासारखं वाटतं. शिवाय या देवाच्या चरित्रातच मुक्काम आहे. म्हाळसेशी त्याचं लग्न साग्रसंगीत लागलं. बाणाईसाठी मात्र त्याला चंदनपुरीला जाऊन धनगरवाड्यावर चाकरी करावी लागली, मेंढरं राखावी लागली, अशी कथा आहे. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकानं धनगरांच्या देवांवर आयुष्य घातलं. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरचं त्यांचं पुस्तक 1976 मध्ये जर्मन भाषेत निघालं. ते वाचताना एक गोष्ट पक्की होत जाते: मेंढरांच्या वाटा आणि या देवांची ठाणी निरनिराळी समजूच नयेत.

आता माझी चूक. यात्रा होऊन गेल्यानंतरच्या आठवड्यात मी पालहून खाली नदीनं चालत आलो आणि एका वळणावर आतल्या बाजूला, पाण्यापासून दहा पावलांवर, वाळूची एक सुंदर खोलगट जागा बघून तंबू लावला. तिन्ही बाजूंनी आडोसा, समोर पाणी. फोटो काढावा अशी जागा. फोटो काढलाही. तेवढ्यात वरच्या रानात घोड्यांची चाहूल लागली आणि थोड्या वेळानं एक बाई करंजाखाली उभी राहून माझ्याकडे बघत होती. डोईवरून पदर, कडेवर मूल, हातात घोड्याचा कासरा.

"पावणं, तितं नगा झोपू," ती म्हणाली. "रातचं दहिवर पडतंय. सकाळच्याला पिळून काढाय लागंल तुमास्नी." आणि मग, जाता जाता सुचल्यासारखं, "रान कुनाचं हाय, इचारलंसा का?"

विचारलं नव्हतं. नदीकाठ म्हणजे सरकारी, आणि सरकारी म्हणजे कुणाचाच नाही, असं मी धरून चाललो होतो. गाशा गुंडाळून वर आलो. रानमालकाशी बोलणं त्यांचं आधीच झालं होतं. मला बांधालगत, करंजाच्या बुंध्यापाशी एक कोपरा मिळाला.

त्या बाईनं चार वाक्यांत जे सांगितलं त्यात मुक्कामशास्त्राची पहिली दोन प्रकरणं येतात. रात्री थंड हवा जड होऊन खाली उतरते आणि खोलगट जागी साचते, पाण्याच्या वाफेसकट. म्हणून नदीची कूस दिवसा देखणी आणि रात्री ओलीगच्च. थोडं उंचावर चढलं की दहिवर कमी होतं. वाड्याला हे माहीत असण्याचं कारण काव्यात्म नाही. दख्खनी मेंढरू कोरड्या मुलखातलं. सतत ओल्या जमिनीवर उभं राहिलं तर त्याचे खूर सडतात. या ओलीच्या धास्तीवरच सगळं वर्ष बेतलेलं असतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला माणमध्ये पाचशेच्या आसपास. म्हणून पावसाळा माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या भागात काढायचा. दिवाळी झाली, घरचा चारा सरला, की पश्चिमेला ओल असलेल्या खोऱ्यांत उतरायचं, काहींनी घाट उतरून कोकण गाठायचं. आणि मृगाचे ढग दिसायच्या आत माघारी. ओलीच्या मागे चालायचं, पण ओलीत झोपायचं नाही. वर्षाचं जे गणित तेच एका रात्रीचं.

जागेची निवड पाहून झाली की रचना बघावी. वाडा एकदम येत नाही, दोन वाटांनी येतो. पुरुष मेंढरं घेऊन रानारानानं, चारत चारत, लांबच्या वाटेनं येतात. बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून जवळच्या वाटेनं आधी पोचतात. म्हणजे गाव बसवतात बायका. मी बघत होतो तेव्हा एकही शब्द न बोलता घोडी पाच जागी पांगली. कुणी कुणाला "तू इथे, मी तिथे" म्हटलं नाही. मागच्या गावाला ज्याची चूल ज्याच्या शेजारी, त्याची इथेही तिथेच. रान बदलतं, शेजार बदलत नाही. पाचही बिऱ्हाडं एका सैलसर कमानीत बसली आणि कमानीचं तोंड पश्चिमेला, नदीच्या वरच्या अंगाला. तिकडून रात्री डोंगरउताराचा वारा येतो. मला वाटलं हे उलटंच झालं. तासाभरानं कळलं. वारा येतो त्या दिशेला मेंढरांचा कळप बसणार होता, आणि दोनशे मेंढरांच्या लोकरीवरून आलेला वारा चुलीपर्यंत पोचतो तेव्हा त्याचा कडाका मोडलेला असतो. वासाचं काय, असं कुणी विचारेल. तो ज्याला येतो त्याला येतो.

घोड्यांवरून सामान उतरायचाही क्रम आहे. सगळ्यांत आधी डालगी: त्यांत कोंबड्या, आणि नुकती जन्मलेली, चालता न येणारी कोकरं. मग पाण्याची भांडी. मग तीन दगड शोधायचे. पीठ, तवा, घोंगड्या सगळ्यांत शेवटी. माझ्या पाठपिशवीत सगळ्यांत वर डोक्याला लावायचा दिवा असतो आणि तळाशी चहाची पूड. हा फरक लिहून ठेवायच्या लायकीचा आहे. मी अंधाराला भिऊन सामान भरतो, त्या जिवंत आधी आणि वस्तू मागून अशा हिशेबानं.

पाल असं प्रत्येकाचं नव्हतंच. एका बिऱ्हाडात बाळंतीण होती, तिच्यावर ताडपत्रीचा आडोसा झाला. बाकीचे उघड्यावर. घोंगडी डोक्यावरून खोळ करून घेतली की तीच भिंत आणि तेच छप्पर. दख्खनी मेंढराची लोकर राठ असते, शालीच्या कामाची नाही. पण पाणी तिच्यावरून निथळून जातं. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाच्या नावानं ओळखलं जाणारं उंच, बाकदार नाकाचं मेंढरू आता भाव खाऊन जातं, ते मटणासाठी. त्यामुळे कळपात जातवान दख्खनी कमी होत चाललंय आणि घोंगडी विकत आणायची वेळ आलीय, असं वाड्यातला म्हातारा सांगत होता. ज्याच्या पाठीवर लोकर त्यानंच दुकानात जायचं. तो हसत होता, मला हसू आलं नाही.

मग वाघर. सुताच्या, हल्ली नायलॉनच्याही, दोरीची कमरेइतकी उंच जाळी. तिच्यात मेखा ओवून गोल ठोकत जायचं. दोन पोरांनी वीसेक मिनिटांत दोनशे मेंढरांचं घर उभं केलं. मांडणीतली सफाई बघण्यासारखी होती. एकजण मेख धरतो, दुसरा दगडानं ठोकतो, तिसऱ्या ठोक्याला पहिला पुढे सरकलेला. कुंपण ताठ नसतं, ढिलं असतं. धडकलेलं जनावर त्यात अडकतं, आपटत नाही. आणि गोल का, चौकोन का नाही? चौकोनाला कोपरे असतात. रात्री कशानं बुजून कळप एका बाजूला दाटला तर कोपऱ्यातली मेंढरं चेंगरून मरतात. गोलात दाटलेलं जनावर कडेकडेनं फिरत राहतं. हे उत्तर मला बारा-तेरा वर्षांच्या पोरानं दिलं, मेख ठोकता ठोकता, माझ्याकडे न बघता.

आता या सगळ्याचा गाभा. दिवस मावळायच्या बेताला पूर्वेकडून धूळ दिसली. ज्या वेळेला गोरज म्हणतात तीच वेळ, फक्त गाईंच्या जागी मेंढरं. दिवसभर वाड्याबरोबर राहिलेली कोकरं, तीसेक असतील, एकाएकी गप्प झाली. माणसांना काही ऐकू यायच्या आधी त्यांना ऐकू आलं होतं. मग एकानं तोंड उघडलं आणि तिसांनी. समोरून दुधानं कास ताठलेल्या मेंढ्यांनी उत्तर दिलं, आणि मधलं अंतर कमी होईल तसा तो आवाज इतका वाढला की मला बोललेलं ऐकू येईना. पोरांनी कोकरं सोडली. दोन्ही लोंढे एकमेकांत घुसले. पुढची दहा मिनिटं म्हणजे निव्वळ गोंधळ: प्रत्येक कोकरू दिसेल त्या कासेला तोंड लावतंय, प्रत्येक मेंढी वास घेऊन परक्याला लाथ मारून हाकलतेय, पुन्हा ओरडतेय. जमिनीवर पसरलेला हा गुंता सुटायचा नाही असं वाटतं. आणि मग कडेकडेनं तो सुटायला लागतो. एक जोडी जुळते, ओरडणं थांबतं. दुसरी जुळते. आवाजाला भोकं पडत जातात. शेवटी एकच कोकरू आणि एकच मेंढी दोन टोकांना ओरडत राहतात. एक पोरगा त्या कोकराला मागच्या पायाला धरून उचलतो आणि नेऊन आईखाली सोडतो. मग एकदम चुळचुळ चोखण्याचा आवाज, दोनशे जनावरांच्या मध्ये. नदी ऐकू यायला लागते.

मी बऱ्याच मैफली ऐकल्या आहेत. कोलाहलातून शांततेपर्यंत येण्याचा एवढा शिस्तीचा प्रवास फार थोड्या वेळा ऐकला. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो तसाच्या तसा पुन्हा झाला. फक्त शेवटी उरलेलं कोकरू वेगळं होतं.

जेवण झाल्यावर म्हाताऱ्यापाशी बसलो. त्यांना सगळे आबा म्हणत होते, मीही म्हटलं. नदीकाठी फुकट राहायला मिळणं किती अवघड झालंय, असं काहीतरी मी शहरी सुरात बोललो. आबांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "फुकाट कोन बसू देतंय?" आणि बार भरून झाल्यावर, "आन् फुकाट बसून करायचं काय?"

हिशेब असा असतो. मेंढरं रात्रभर ज्या रानात बसतात तिथे लेंडी आणि मूत पडतं. त्या खताचा जोर दोन-तीन पिकं टिकतो असा शेतकऱ्यांचा अनुभव. म्हणून 'मेंढरं बसवायची' हा व्यवहारच आहे: किती मेंढरं, किती रात्री, त्याचे किती पैसे, किती जोंधळा नाहीतर गहू. पैसे शेतकऱ्यानं द्यायचे. म्हणजे पाहुणा मुक्कामाला येतो आणि यजमान त्याला भाडं देतो. वाघर दर रात्री थोडी सरकवायची, म्हणजे खत सगळीकडे पडतं. म्हणून ते दोन गोल शेजारी-शेजारी. मोकळ्या नदीकाठी तंबू टाकण्यात मला जे स्वातंत्र्य वाटत होतं त्याला या वाड्यात कुणी स्वातंत्र्य म्हणालं नसतं. कुणाला नको असताना बसणं, एवढंच म्हणाले असते.

रात्र वाचायला वेगळे कान लागतात. कुत्री वाड्यात झोपत नाहीत, वाड्याच्या बाहेर तीन दिशांना झोपतात, आणि चौथी दिशा नदीची. माणच्या माळावर भीती लांडग्याची. इथे कराड-पाटणच्या पट्ट्यात ती बिबट्याची, कारण बिबट्या आता उसातच नांदतो; पिल्लंही तिथेच घालतो. कुत्र्याच्या नुसत्या गुरगुरण्यानं कुणी उठत नाही. भुंकलं तर एकजण घोंगडीतून तोंड काढतो. दोन कुत्री एका दिशेला धावली तर सगळे पुरुष काठ्यांसकट उभे. पहिल्या रात्री हे तिन्ही प्रकार झाले. काही आलं नाही, निदान मला दिसलं नाही. पण उसाच्या पानांची सळसळ मी नंतर पहाटेपर्यंत मन लावून ऐकली.

या खोऱ्यात मुक्कामाचा आणखी एक रसिक होऊन गेला. चाफळ इथून जवळ, मांड नदीच्या काठी. समर्थ रामदासांनी तिथे राममंदिर उभारलं, पण राहिले ते बऱ्याचदा घळींत. चाफळजवळ रामघळ आहे, हेळवाकजवळ आहे, पलीकडे शिवथरची. घळ निवडणारा माणूस छप्पर बांधत नाही. असलेलं छप्पर ओळखतो. चाफळहून ते कृष्णास्नानाला उंब्रजला येत, अशी आख्यायिका. त्यांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक इथे आहे, शके 1571 चा, चुना, वाळू आणि ताग यांचा घडवलेला असं सांगतात. नदीत स्नान करून नदीच्याच वाळूचा देव करायचा, यात मला त्या वृत्तीची सही दिसते. अर्थात संतांना आपल्या हौशीच्या रांगेत आणून बसवणं हे अतीच. पुढे जाऊ.

जंगलातल्या नदीकाठी मोकळा मुक्काम, ही गोष्ट आपल्याकडे आता जवळपास संपली आहे, आणि ती संपली याचं मला निखळ दुःख होत नाही. जुने ट्रेकर वासोट्याच्या रात्रींच्या गोष्टी सांगतात: कोयनेच्या जलाशयातून होडीनं जायचं, मेट इंदवलीला उतरायचं, नागेश्वरच्या गुहेत नाहीतर किल्ल्यावर झोपायचं. 1985 मध्ये कोयना अभयारण्य झालं, 2010 मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. आता वासोट्याला परवाना काढून जायचं आणि दिवस असेतो परत यायचं. जंगलाला धोका होईल असा जाळ अभयारण्यात करायला वन्यजीव कायद्यानं बंदी आहे. ज्यांच्या वाडीवस्त्या आधी धरणानं आणि मग अभयारण्यानं उठवल्या त्यांना जो निरोप मिळाला त्याच्यापुढे माझी एक हुकलेली रात्र म्हणजे काहीच नव्हे. जलाशयाच्या अलीकडच्या काठांवर, खासगी जमिनींत, मात्र तंबूंच्या रांगा लागतात. एकाच रंगाचे, एकाच दिशेला तोंड केलेले, पैसे भरून. रात्री गाण्याचा भोंगा, सकाळी पोहे. तिथे एकदा राहिलो. वाचण्यासारखं काही सापडलं नाही, कारण तिथे कुणी काही निवडलेलंच नव्हतं. वारा कुठून येतो हे एकाही तंबूला ठाऊक नव्हतं.

परदेशात याचे कायदे आहेत. स्वीडनमध्ये कुणाच्याही रानातून जाण्याचा, रात्रभर राहण्याचा सर्वांचा हक्क मानतात. स्कॉटलंडनं 2003 च्या कायद्यात तसा हक्क लिहून दिला; पण लॉख लोमंडच्या काठांवर लोकांनी इतका उकिरडा केला की 2017 पासून तिथल्या काही पट्ट्यांत मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो. अमेरिकेच्या सरकारी जंगलांत बहुतेक ठिकाणी चौदा दिवस फुकट राहता येतं, मग हलायचं. चौदा दिवस वाचून आबा काय म्हणाले असते याची कल्पना करता येते. दोन रात्रींच्या वर एका जागी बसलं तर मेंढरं खातील काय? आपल्याकडेही 2006 च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क लिहिलेला आहे. तो कागदावरून रानात किती उतरला, हे चराईबंदीच्या दंडाची पावती ज्याच्या खिशात आहे त्याला विचारावं.

आणि वाडा बसला होता त्या तारळीलाच आणखी एक तळ होता, त्याचं रसग्रहण करायला माझी जीभ उचलत नाही. पलीकडच्या तीरावर ऊसतोडीच्या टोळीच्या कोप्या. मराठवाड्यातून आलेली माणसं, उचल घेतलेली, हंगाम संपेपर्यंत बांधलेली. पहाटे तीनला तिथे बैलांच्या घुंगरांचा आवाज सुरू व्हायचा. कोपीसुद्धा कौशल्यानंच बांधलेली असते, पण तिथे जागा निवडणारा आणि तिथे झोपणारा ही माणसं निराळी. उघड्यावर झोपणाऱ्या प्रत्येकाकडे बघून मोकळेपणाचं कौतुक करायला लागलो, तर आपले डोळे तपासून घ्यावेत.

वाड्यातही सगळं गोड नव्हतं. आदल्या गावात एक मेंढरू कुणाच्या हरभऱ्यात शिरलं म्हणून मारामारीची वेळ आली होती. त्याआधी रात्रीतून दोन बोकड चोरीला गेले होते. बाळंतीण पोरगी शाळा सातवीतून सोडलेली. मेख ठोकणारा तो पोरगा तर शाळेबद्दल बोलायलाच तयार नव्हता. "वाडा बरा का गाव बरं?" असं मी विचारलं तेव्हा मावशी, म्हणजे मला खोलगट जागेतून उठवणारी तीच बाई, भाकरी थापता थापता म्हणाली, "वाडाच बरा म्हनायचा की, सवय हाय. पोरांचं काय खरं न्हाई."

तिसऱ्या पहाटे वाडा उठला. बसतानाचा क्रम बरोबर उलटा: घोंगड्या आधी घोड्यावर, डालगी सगळ्यांत शेवटी. वाघर उपटून गुंडाळताना मेखा मोजल्या जातात, मोठ्यानं, आणि एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत कुणी हलत नाही. कमी भरली. मेख माझ्या तंबूच्या दोरीला होती; रात्री वाऱ्यात दोरी सुटली म्हणून मीच कुणाची तरी घेऊन ठोकली होती. परत दिली. पोरगा पहिल्यांदा हसला. चुलींवर पाणी मारून राख पायानं दाबली. आबांनी रानाच्या मधोमध उभं राहून एकदा चारी बाजूंना बघितलं, काही विसरलंय का म्हणून असेल, आणि खाली वाकून मातीला हात लावून तो कपाळाला लावला. मग मेंढरं एका बाजूनं आणि घोडी दुसऱ्या बाजूनं निघाली. पंधरा मिनिटांत धूळसुद्धा बसली.

मी तंबूची घडी घालत होतो तेव्हा रानमालक आला. पन्नाशीचा, पांढरी टोपी, हातात टोकाला लोखंड लावलेली काठी. नमस्कार झाला, पण त्याचं लक्ष जमिनीवर. तो पहिल्या गोलाच्या कडेनं सावकाश फिरला, काठीनं लेंड्या उकरून थर किती जाड आहे ते बघितलं, एक चिमटीत घेऊन चुरडली. मग दुसऱ्या गोलाभोवती. दोन गोल जिथे एकमेकांना टेकत होते त्याच्या दोन्ही अंगांना त्रिकोणी तुकडे कोरे राहिले होते. तिथे तो बराच वेळ उभा राहिला.

"हितं जरा कमी पडलं," तो म्हणाला. "आजून येक रात बसाय पायजे हुतं."

तसाच चालत तो बांधाकडे आला. करंजाच्या बुंध्याशी माझ्या तंबूखालचं गवत दोन रात्रींत चपटं होऊन पिवळं पडलं होतं. नीट कापल्यासारखा लांबट चौकोन. लेंडी नाही, राख नाही, काहीच नाही. त्यानं काठीचं टोक त्या चौकोनाच्या मधोमध टेकवलं.

"आन् हितं काय बसलं हुतं?"